बालगंधर्व : लोकरुचीचे स्वामी की सेवक?

गतवर्षी आपल्या ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात मुलामुलींनी जो करमणुकीचा कार्यक्रम केला, त्यातील गाणी ऐकून प्रस्तुत लेखकासारख्या काही वृद्धांनी नाके मुरडली. घरी परत येताना मी माझ्या नातवास चार शब्द सुनावले. आजचे लोकप्रिय गायक वारा येईल तशी पाठ देतात, लोकांना जे आवडेल तेच गातात, पूर्वीच्या गायकांनी मात्र लोकांना काय आवडावे ते शिकविले, असा माझ्या बोलण्याचा मथितार्थ होता. मुलगा नम्र आहे. त्याने उलट उत्तर केले नाही. फक्त इतकेच विचारले, की आजोबा, तुम्ही ज्या बालगंधर्वांच्या तबकड्या जपून ठेवल्या आहेत, ते बालगंधर्व त्यांच्या काळी असेच लोकप्रिय नव्हते काय, आणि लोकांनी पुन्हा म्हणा म्हटले की तेही तेच पद पुन्हा म्हणत नव्हते काय?

छत्तीस वर्षे शाळेत मुलांना प्रश्न विचारण्यात गेली. परंतु या प्रश्नाने मला निरुत्तर केले. त्या निमित्ताने नारायण श्रीपाद राजहंस, उपाख्य बालगंधर्व, यांचे चरित्र मी पुन्हा एकवार नीट वाचून, आठवून व पारखून पाहिले. लोकप्रिय कलावंत नवी वाट पाडतो, की पडलेल्या वाटेने केवळ पुढे चालतो, हा प्रश्न त्या चरित्राच्या साहाय्याने सुटतो काय ते पाहावे, हा या लेखाचा हेतू आहे. वाचकांनी तो गोड मानून घ्यावा.

नारायणरावांचा जन्म इ. स. 1888 च्या जून महिन्याच्या 26 तारखेस झाला. घरची स्थिती बेताची. परंतु मुलाचा गळा असा काही उपजत गोड होता, की तो दहा वर्षांचा असताना पुण्यास लोकमान्य टिळकांच्या कानी त्याचे गाणे पडले व त्यांनीच कौतुकाने त्याला बालगंधर्व हे नाव दिले, अशी कथा महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. नाव लहानपणीचे, पण ते पुढे पांढऱ्या केसांवरही शोभले. दुर्दैव असे, की ज्याच्या कंठात ईश्वराने एवढे माधुर्य घातले त्याच्या कानात मात्र दोष होता. करवीरचे छत्रपती शाहू महाराज यांनी मिरजेच्या मिशन रुग्णालयात त्यावर उपचार करविले आणि त्यांच्याच आश्रयाने नारायणाचा किर्लोस्कर नाटक मंडळीत प्रवेश झाला. इ. स. 1905 मध्ये मिरजेस शाकुंतल नाटकात शकुंतलेच्या वेषाने हा सतरा वर्षांचा तरुण रंगभूमीवर उभा राहिला.

येथे थोडे थांबून, त्या वेळी रंगभूमीवर संगीत कसे होते हे पाहणे अवश्य आहे. कारण नारायणरावांनी नवे काय आणले हे त्यावाचून कळणार नाही. इ. स. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतलाचा प्रयोग करून संगीत नाटकाचा पाया घातला. त्यांच्या नाटकांतून शेकड्याने मोजावी इतकी पदे असत. त्या पदांच्या चाली कीर्तनातील साकी-दिंडी, लावणी, स्त्रीगीते व कानडी मुलखातील गाणी यांवरून घेतलेल्या होत्या. पद लहान, चाल सोपी, आणि गाणारा नट ते म्हणून लगेच संवादाकडे वळे. भाऊराव कोल्हटकरांच्या तेजस्वी आवाजाने त्या पदांना महाराष्ट्रभर कीर्ती मिळवून दिली. इ. स. 1901 मध्ये भाऊराव निवर्तले आणि किर्लोस्कर मंडळीचा जणू प्राण गेला. कंपनीला नवा गळा हवा होता. प्रेक्षकांना भाऊरावांची आठवण विसरावयास लावील असे काही हवे होते. म्हणजे, वाट पाहणारी रिकामी जागा आधीच तयार होती. नारायणराव त्या जागी येऊन उभे राहिले, एवढेच त्यांच्या पहिल्या यशाबद्दल म्हणता येईल. अभिनयाची तालीम त्यांना गोविंद बल्लाळ देवलांसारख्या कसलेल्या गुरूंकडून मिळाली. आरंभी ते जुनीच नाटके, जुनीच पदे, जुन्याच चालीने गात होते. येथपर्यंत ते वाट पाडणारे नव्हेत, वाटेने चालणारेच होत.

बदल झाला तो इ. स. 1911 मध्ये. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी मानापमान हे आपले पहिले संगीत नाटक लिहिले आणि त्यातील पदांना चाली देण्याचे काम गोविंदराव टेंबे यांच्याकडे आले. टेंबे हे मूळचे हार्मोनियमवादक. मोठमोठ्या गवयांची व गायिकांची मैफल त्यांनी ऐकली होती, साथही केली होती. त्यांनी जुन्या साकी-दिंडीची वाट सोडून उत्तर हिंदुस्थानातील ठुमरी, दादरा, कजरी, गझल अशा गायनप्रकारांतून चाली निवडल्या. बनारस-लखनौकडील ज्या सुरावटी त्या काळी कोठीवर वा श्रीमंतांच्या दिवाणखान्यात ऐकावयास मिळत, व ज्या ऐकावयास जाणे गृहस्थास कमीपणाचे वाटे, त्या सुरावटी मराठी शब्दांचे वस्त्र लेवून भामिनीच्या मुखाने थेट नाटकगृहात आल्या. तेथून त्या माजघरात गेल्या.

12 मार्च 1911 रोजी मुंबईस या नाटकाचा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी नारायणरावांची तान्ही मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलावा असे मंडळींस वाटणे साहजिक होते. परंतु नारायणरावांनी तसे होऊ दिले नाही. दुःख गिळून त्यांनी रंग चढविला, पैठणी नेसली आणि त्या रात्री खेळकर, गर्विष्ठ भामिनी अशी उभी केली की प्रेक्षागृहातील अनेकांस त्या घरातील दुःखाची वार्ताही नसावी. पित्याचे हृदय व नटाचे कर्तव्य यांचा तो झगडा आठवला म्हणजे मन भरून येते. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने पाहता मात्र हेही ध्यानात घ्यावे, की त्या रात्री लोकांना जे नवे आवडले, ते शोधून आणणारे टेंबे होते. ते लोकांच्या गळी उतरविणारे नारायणराव होते.

इ. स. 1913 मध्ये नारायणराव, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे हे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले व त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. पुढे गायनाचार्य भास्करबुवा बखले यांचे मार्गदर्शन नारायणरावांना लाभले. भास्करबुवा लहानपणी स्वतः किर्लोस्कर मंडळीत होते. पुढे फैज महंमदखाँ, नत्थनखाँ व अल्लादियाखाँ अशा तीन थोर उस्तादांची सेवा करून त्यांनी तीन घराण्यांची विद्या एका कंठात साठविली होती. नारायणरावांनी त्यांना गुरू केले आणि इ. स. 1916 मध्ये खाडिलकरांचे स्वयंवर रंगभूमीवर आले. त्यातील पदांच्या चाली भास्करबुवांच्या. यमन, भीमपलास, बिहाग अशा रागांतील ख्यालाच्या बंदिशी त्यांनी मराठी पदांसाठी योजिल्या. ठुमरीनंतर आता ख्यालही नाटकगृहात आला.

वाचकांपैकी ज्यांनी गाणे शिकले आहे त्यांना हे किती अवघड होते याची कल्पना येईल. मैफलीत गवई एक बंदिश तासभर आळवितो. शब्द थोडे, तेही बहुधा हिंदी, आणि ते स्वरांत विरून जातात. नाटकात तसे चालत नाही. रुक्मिणी काय बोलते आहे हे शेवटच्या बाकावरील माणसास कळले पाहिजे. तिच्या मनातील लज्जा, उत्कंठा, भीती ही त्या स्वरांतून दिसली पाहिजे. पद चालू असताना नाटक थांबता कामा नये. नारायणरावांनी ख्यालातील भारदस्तपणा ठेवला, परंतु तानांचे अवडंबर ठेवले नाही. आवाज कोठेही न फोडता, लयीला जराही न सोडता, शब्दाचा उच्चार स्वच्छ ठेवून ते एकेका ओळीस निरनिराळ्या अंगाने सजवीत. लहानशी मुरकी, हलकेच घेतलेली तान, आणि समेवर असे अलगद येणे की ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलावी. साथीस ऑर्गन असे. पुढे कादरबक्ष यांची सारंगी व अहमदजान थिरकवाँ यांचा तबला अशी बादशाही साथ त्यांनी आपल्या कंपनीत बाळगली. मैफलीत ज्यांना ऐकावयास राजेरजवाड्यांनी खर्च करावा, ते वादक चार आण्यांच्या तिकिटवाल्यासही ऐकावयास मिळू लागले.

इ. स. 1919 मध्ये राम गणेश गडकरी यांचे एकच प्याला हे नाटक गंधर्व मंडळीने बडोद्यास रंगभूमीवर आणले. गडकरी त्यापूर्वी महिनाभरच आधी कैलासवासी झाले होते. त्यातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली आणि चाली देण्याच्या कामी पुण्याच्या सुंदराबाई जाधव या गुणी गायिकेचा हात होता. ज्या रुक्मिणीस पाहण्यासाठी स्त्रिया दागिन्यांची व लुगड्यांची नावे पाठ करीत, तीच व्यक्ती आता दारुड्याच्या पत्नीच्या, सिंधूच्या, ठिगळ लावलेल्या लुगड्यात उभी राहिली. लोकांना भरजरी वेष आवडतो म्हणून तोच देत राहावे असा हिशेब नारायणरावांनी केला असता, तर सिंधू जन्मासच आली नसती. प्रेक्षकांनी डोळे पुशीत तिचा स्वीकार केला.

यांची लोकप्रियता किती होती हे आज सांगितले तर अतिशयोक्ती वाटेल. त्यांचे नऊवारी नेसणे, पदर घेणे, अंबाड्यावर गजरा माळणे यांचे अनुकरण चांगल्या चांगल्या घराण्यांतील स्त्रिया करू लागल्या. पुरुषांच्या टोपीलाही गंधर्वांचे नाव मिळाले. तथापि हेही खरे, की हे सारे नारायणरावांनी शून्यातून निर्माण केले नव्हते. कुलीन स्त्रियांचे चालणे, बोलणे, नेसणे यांचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले होते. समाजाकडून घेतले, त्याला डौल दिला आणि समाजाला परत केले. मग येथे अनुकरण कोणी कोणाचे केले? विहिरीचे पाणी पाटाने मळ्यात जाते आणि मळ्यातून झिरपून पुन्हा विहिरीत येते, तसाच हा प्रकार.

माझे आजोबा त्या वेळी साताऱ्यास शिकत होते. गंधर्व मंडळीचा मुक्काम असताना त्यांनी चोरून नाटक पाहिले. पणजोबांना ते कळले तेव्हा त्यांना दोन दिवस घरात अन्न गोड लागले नाही. पणजोबा अभंग व भूपाळ्यांवर वाढलेले. नाटकातील हे गाणे म्हणजे कोठीवरचे गाणे, त्याने मुले बिघडतात, असे त्यांचे ठाम मत होते. आजोबांनी पुढे स्वतःच्या मिळकतीतून फोनो घेतला तो पणजोबांच्या पश्चातच. त्या फोनोवरील तबकड्या आज माझ्याकडे आहेत, आणि मी नातवाला ज्या स्वरात बोललो तो स्वर पणजोबांचा होता, हे मला हा लेख लिहिताना प्रथमच उमगले.

आता कोणी असा आक्षेप घेईल, की चाली टेंब्यांच्या, विद्या भास्करबुवांची, शब्द खाडिलकर-गडकऱ्यांचे. मग नारायणरावांचे काय? ते केवळ दुसऱ्याची पालखी वाहणारे नव्हेत काय? या आक्षेपास उत्तर त्या काळच्या रंगभूमीनेच दिले आहे. नारायणराव एकटे नव्हते. ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले होते, त्यांचे गाणे चढे व जोमदार. पुढे बलवंत संगीत मंडळीचे दीनानाथ मंगेशकर आले, त्यांची गायकी झेपावणारी व चमत्कृतीपूर्ण. रामकृष्णबुवा वझ्यांसारखे विद्वान गवई या मंडळींना चाली देत होते. म्हणजे शास्त्रीय संगीत नाटकात आणण्याची ओढ सर्वांनाच होती. ते त्या काळाचेच वारे होते. 8 जुलै 1921 रोजी टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ मुंबईस संयुक्त मानापमानाचा प्रयोग झाला. केशवराव धैर्यधर व नारायणराव भामिनी. एकच नाटक, एकाच संगीतकाराच्या चाली, परंतु दोन कंठांतून दोन निराळी संगीते त्या रात्री ऐकू आली. त्यानंतर तीनच महिन्यांत केशवराव अकाली निधन पावले. त्या प्रयोगाने एवढे मात्र सिद्ध झाले, की चाल दुसऱ्याने दिली तरी गायकी ज्याची त्याचीच असते.

वारे काळाचे असते हे मान्य केले, तरी त्या वाऱ्याने होडी कोठे न्यावयाची हे सुकाणूवाला ठरवितो. कोणती चाल ठेवावयाची, कोणती टाकावयाची, कोणत्या गवयाला गुरू करावयाचे, कोणत्या शब्दावर थांबावयाचे, ही निवड नारायणरावांची होती. ती निवड हजारो प्रेक्षकांनी रात्रीच्या रात्री जागून मान्य केली.

प्रेक्षकांच्या मान्यतेची किंमतही मात्र द्यावी लागली. वन्समोअरच्या टाळ्या पडल्या की पद पुन्हा, पुन्हा टाळ्या, पुन्हा पद, असे होता होता रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चाले. नाटक मागे पडते आणि मैफल पुढे येते, अशी तक्रार जाणकार तेव्हाही करीत असत, व ती सर्वस्वी खोटी नव्हती. माझ्या नातवाने नेमके याच मर्मावर बोट ठेवले होते. नारायणरावांना प्रेक्षकांना नाही म्हणता आले नाही. प्रेक्षकांना ते मायबाप मानीत. मायबापांनी मागितले आणि लेकराने दिले नाही, हे त्यांच्या स्वभावात बसणारे नव्हते. ज्याने लोकांच्या कानांना वळण लावले, तोच त्या कानांच्या मोहात सापडला, असे म्हणावे लागते.

याच स्वभावामुळे ते कर्जात बुडाले. इ. स. 1920 मध्ये द्रौपदी नाटकासाठी त्यांनी मयसभेचा देखावा उभारण्यात अमाप पैसा ओतला. पडदे, शालू, दागिने, अत्तरे, कंपनीतील पंगती यांत काटकसर हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता. इ. स. 1921 च्या सुमारास कर्जाचा डोंगर झाला आणि मंडळीची संपूर्ण मालकी व तिच्यासह ते सारे ऋण नारायणरावांच्या एकट्याच्या शिरावर आले. दुसरा कोणी हात वर करून मोकळा झाला असता. यांनी रात्रीमागून रात्र गाऊन ते कर्ज फेडले. इ. स. 1922 मध्ये गुरू भास्करबुवाही गेले. त्यानंतर बुवांचेच शिष्य मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर यांनी मंडळीच्या नाटकांना संगीत दिले. इ. स. 1931 मध्ये आलेल्या कान्होपात्रा नाटकातील त्यांच्या भक्तिपर चाली पुढे देवळांतून व घरांतूनही गाइल्या जाऊ लागल्या.

परंतु त्याच इ. स. 1931 मध्ये आलमआरा हा पहिला हिंदी बोलपट मुंबईस दाखविला गेला, आणि 1932 मध्ये प्रभात कंपनीचा अयोध्येचा राजा हा मराठी बोलपट आला. त्यात हरिश्चंद्राची भूमिका कोणी केली? ज्यांनी मानापमानाच्या चाली दिल्या त्या गोविंदराव टेंबे यांनी. संगीतही त्यांचेच. तारामती झाल्या दुर्गाबाई खोटे. सुशिक्षित घरातील स्त्री पडद्यावर स्वतः स्त्रीभूमिका करू लागली. हिराबाई बडोदेकरांनी तर इ. स. 1929 मध्येच स्वतःची नाटक मंडळी काढली होती. इ. स. 1933 मध्ये नाट्यमन्वंतर संस्थेने आंधळ्यांची शाळा हे नाटक आणले. त्यात स्त्रियांनी स्त्रियांची कामे केली, पदे मोजकी, आणि त्यांचे संगीत केशवराव भोळ्यांचे. तबकडीवर भावगीताचा नवा प्रकार लोकांना आवडू लागला. तीन मिनिटांत संपणारे, अर्थ चटकन पोचविणारे गाणे. रात्रभर जागून एकेका पदाची आळवणी ऐकण्याची लोकांची सवय हळूहळू सुटली.

येथे नारायणरावांच्या चरित्राची खरी कसोटी आहे. लोकप्रिय कलावंत केवळ वाऱ्याबरोबर वाहणारा असता, तर तो या नव्या वाऱ्याबरोबरही वाहिला असता. टेंबे गेले, मास्तर कृष्णराव गेले, आणि दोघांनीही बोलपटात कीर्ती मिळविली. नारायणरावांनीही एकदा प्रयत्न केला. कंपनी बंद ठेवून ते प्रभातमध्ये गेले आणि इ. स. 1935 मध्ये व्ही. शांताराम यांच्या धर्मात्मा या बोलपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. चित्र चांगले होते. परंतु ज्या डोळ्यांनी रुक्मिणी व सिंधू पाहिली होती, त्यांना पुरुषवेषातील, पडद्यावरील, मोजक्या मिनिटांत गाणे संपविणारे बालगंधर्व आपले वाटले नाहीत. आणि समोर प्रेक्षक नाही, टाळी नाही, वन्समोअर नाही, केवळ एक यंत्र डोळा रोखून उभे आहे, अशा ठिकाणी नारायणरावांचेही मन रमले नाही. ते तो मार्ग सोडून पुन्हा रंगभूमीकडे आले. पैसा बोलपटात होता, आणि ते ओस पडत चाललेल्या नाटकगृहाकडे वळले.

इ. स. 1938 मध्ये गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या मंडळीत आल्या. त्यांची बहीण अमीरबाई कर्नाटकी बोलपटात गेली होती, आणि इ. स. 1943 च्या किस्मत या चित्रपटातील तिची गाणी हिंदुस्थानभर गल्लोगल्ली वाजली. गोहरबाई मात्र बोलपट सोडून नाटकात आल्या. बालगंधर्वांची गायकी त्यांनी अशी आत्मसात केली होती, की डोळे मिटून ऐकणाऱ्यास संभ्रम पडावा. त्यांच्या येण्याने नारायणरावांचे अनेक जुने स्नेही व आश्रयदाते दुरावले. इ. स. 1940 मध्ये पत्नी लक्ष्मीबाई वारल्या, आणि इ. स. 1951 मध्ये नारायणरावांनी गोहरबाईंशी विवाह केला. त्यावर समाजाने पुष्कळ बोलून घेतले. आता ते सारे कालवश झाले आहेत. आपण निवाडा देण्याचे कारण नाही. पुढे नारायणरावांचे पाय अधू झाले, उत्पन्न आटले, आणि ज्यांच्या पंगतीला शेकडो माणसे जेवली त्यांच्या घरी चणचण आली, त्या काळात सेवा करणाऱ्या गोहरबाईच होत्या, एवढे मात्र न्यायाने सांगितले पाहिजे. त्या इ. स. 1964 मध्ये गेल्या.

सरकारने त्यांचा गौरव केला. इ. स. 1955 मध्ये संगीत नाटक अकादमीचे पारितोषिक व 1964 मध्ये पद्मभूषण हा किताब त्यांना मिळाला. अखेरच्या वर्षांत ते बसून भजने गात. आवाज थकला होता, परंतु सूर व लय यांनी त्यांना सोडले नव्हते. इ. स. 1962 मध्ये पुणे येथे त्यांच्या नावाने उभारावयाच्या नाट्यगृहाची कोनशिला त्यांच्याच हस्ते बसविण्यात आली. ते नाट्यगृह पुरे झालेले मात्र त्यांना पाहावयास मिळाले नाही. 15 जुलै 1967 रोजी पुण्यास त्यांचा देहान्त झाला. पुढील वर्षी, त्यांच्या जन्मदिवशी, 26 जून 1968 रोजी बालगंधर्व रंगमंदिराचे उद्घाटन झाले.

यानंतरची गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. ज्या काळी सामान्य प्रेक्षक नारायणरावांना विसरला, त्याच काळी संगीतातील जाणकारांनी त्यांना आपलेसे केले. कुमार गंधर्वांसारख्या स्वतंत्र बुद्धीच्या गवयाने, स्वतःस उमजलेले बालगंधर्व लोकांपुढे मांडण्यासाठी खास मैफल योजिली व तिच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. भीमसेन जोशींसारख्या थोर गवयांनी त्यांचे ऋण मान्य केले. इ. स. 2011 मध्ये त्यांच्या जीवनावर मराठी चित्रपट निघाला. त्यात सुबोध भावे यांनी भूमिका केली, आनंद भाटे यांनी पदे गाइली, आणि ज्यांनी नाटकगृहात पहाट कधी पाहिली नव्हती अशा तरुणांनीही ती ऐकली. म्हणजे लोकरुचीने ज्यांना एकदा डोक्यावर घेतले व पुढे खाली ठेवले, त्यांच्या गाण्यात लोकरुचीपलीकडचे काही होते, हे काळाने दाखवून दिले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बालगंधर्व लोकरुचीचे स्वामी की सेवक? चरित्र पाहता मला असे वाटते, की नवा प्रवाह लोकप्रिय कलावंत एकटा उत्पन्न करीत नाही. तो प्रवाह उस्तादांच्या तालमीत, गायिकांच्या बैठकीत, चालकाराच्या बोटांत, असा दूर कोठेतरी आधीच वाहत असतो, आणि सामान्य माणसाला त्याची वार्ता नसते. लोकप्रिय कलावंत त्यातून ओंजळ भरतो व ती गावात आणतो. ओंजळ कोणत्या झऱ्यावर भरावी हे ठरविणे आणि वाटेत तिला गढूळ न होऊ देणे, एवढेच त्याच्या हाती असते. ज्याला ते साधते, त्याच्या मागून लोक चालतात. ज्याला साधत नाही, तो लोकांच्या मागून चालतो. नारायणरावांनी भास्करबुवांपुढे शिष्य होऊन बसण्यात कमीपणा मानला नाही, म्हणून लोक त्यांच्या मागून आले. त्यांनी टाळ्यांपुढे मान तुकविली, तेथे ते लोकांच्या मागून गेले. एकाच माणसात दोन्ही होते. मात्र त्यांनी जे वळण लोकांच्या कानांना लावले, त्याच्याशी ते अखेरपर्यंत एकनिष्ठ राहिले व त्याची किंमत दारिद्र्याने चुकविली. केवळ वाऱ्याबरोबर जाणाऱ्याच्या हातून हे होत नाही.

यातून आपण वडीलधाऱ्यांनी घ्यावयाचा बोध असा, की मुलांचे आवडते गाणे ऐकताच कपाळास आठी घालू नये. त्या गाण्यामागे कोणती विद्या आहे, कोणते गुरू आहेत, की काहीच नाही, हे आधी मुलांबरोबर बसून ऐकावे. मुलांनी घ्यावयाचा बोध असा, की आवडत्या गायकाचे नाव जसे तोंडी ठेवता, तसे त्याला चाल देणाऱ्याचे, शिकविणाऱ्याचे व साथ करणाऱ्याचे नावही शोधून पाहावे. बालगंधर्वांबरोबर टेंबे, भास्करबुवा, सुंदराबाई, मास्तर कृष्णराव, कादरबक्ष व थिरकवाँ ही नावे आठवली नाहीत, तर आपण बालगंधर्वांना नीट ऐकलेच नाही, असे होईल.

हा लेख पुरा झाल्यावर मी नातवाला जवळ बोलाविले व त्याच्या प्रश्नाचे उत्तर द्यावयास इतके दिवस लागले याबद्दल त्याची क्षमा मागितली. त्या संध्याकाळी त्याने मला आपल्या मोबाईलवरील तीन गाणी ऐकविली आणि मी त्याला स्वयंवरातील एक पद ऐकविले. त्याच्या तीन गाण्यांपैकी एक मला खरोखर आवडले. त्याची चाल कोणी दिली, असे मी विचारले, तेव्हा त्याला ते सांगता आले नाही. तो शोधून सांगणार आहे.